पाइपचा स्टॅबिलायझर दर वेळी पुन्हा डुलायला लागतो, त्याचं मूळ आणि इलाज

खानापूरकडचा एक मुलगा या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा माझ्याकडे आला. बेळगावातल्या वडगावात माझी एक लहान खोली आहे, लग्नाच्या शूटिंगचं सगळं सामान तिथंच असतं. त्यानं पिशवीतून पाइपचा स्टॅबिलायझर, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं घरगुती यंत्र, काढून टेबलावर ठेवला, तसे खालच्या दांड्यावरचे वॉशर एकमेकांवर आपटून खळखळले.

“दादा, परत डुलालंय.”

“वजन किती घातलंस?”

“मागल्या बारीला होतं त्याच्या डबल घातलंय की. खरं तरी डुलतंय.”

(आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बेळगाव, खानापूर, निपाणीबाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं.)

ही तक्रार त्याची एकट्याची नाही. येळ्ळूर, कडोली, उचगाव, नंदगड अशा गावांतली पोरं घरगुती स्टॅबिलायझर घेऊन येतात आणि प्रत्येकाचं गाऱ्हाणं तेच असतं. घरी तोलला तेव्हा अगदी सरळ उभा होता. लग्नघरी पोचल्यावर कॅमेरा एका बाजूला कलला. मग वजन वाढवलं, तो सरळ झाला, आणि चालायला लागल्यावर चित्र पाळण्यासारखं हलायला लागलं. पुढच्या कामाला पुन्हा तोच खेळ. चार-पाच वेळा असं झालं की माणूस वैतागून पाइप माळ्यावर टाकतो आणि उसनवारी करून बॅटरीवरचा गिंबल (मोटरनं कॅमेरा सरळ ठेवणारं यंत्र) घेतो. त्या पाइपमध्ये खरं तर काही वाईट नसतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी आपण बोलतोय ते यंत्र कुठलं, ते सांगतो. वर कॅमेऱ्याची पट्टी. पट्टीच्या पुढच्या टोकाला एल्बो (पाइपला वळण देणारा काटकोनी तुकडा), तिथून पाइप खाली येतो, खाली दुसरा एल्बो, आणि तिथून पाइप पुन्हा मागे, आपल्याकडे येतो. बाजूनं पाहिलं तर सी अक्षराचा आकार दिसतो. मागे आलेल्या त्या खालच्या दांड्यावर वजन असतं. हँडल या सीच्या पोकळीत उभं राहतं आणि पट्टीच्या पोटाला सांध्यानं जोडलेलं असतं. तो सांधा सगळ्या दिशांना मोकळा फिरतो. हात हलला तरी वरचा कॅमेरा आणि खालचं वजन आपल्या जागी राहावं, एवढीच त्यामागची युक्ती. सगळा खर्च पाचशे रुपयांच्या आतबाहेर येतो.

आता त्या मुलाचा स्टॅबिलायझर. मी वॉशर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकले. 700 ग्रॅम. कॅमेरा, लेन्स आणि पट्टी मिळून 900 ग्रॅम. सांध्यापासून कॅमेऱ्याचा मध्य 8 सेंटिमीटर वर, आणि वजन सांध्याच्या 18 सेंटिमीटर खाली. हे आकडे लक्षात ठेवा, कारण सगळा हिशेब तराजूचा आहे. वरची बाजू 900 गुणिले 8, म्हणजे 7200. खालची 700 गुणिले 18, म्हणजे 12600. बरोबरी साधायला खाली 400 ग्रॅम पुरले असते. खालची बाजू थोडी जड हवीच, नाहीतर कॅमेरा उलटा होईल. इथं मात्र ती पावणेदोन पट जड होती.

अशा स्टॅबिलायझरचा घड्याळातला लंबक होतो. तुम्ही चालायला सुरुवात करता तेव्हा हँडल पुढे जातं, खालचं जड टोक मागे राहतं, कॅमेरा मान खाली घालतो. थांबलात की उलटा झोका. वळलात की बाजूला झोका. झोका बसला नाही की माणूस आणखी वजन घालतो, कारण हातात धरून उभं राहिलं की जास्त वजनाचा स्टॅबिलायझर छान ठाम वाटतो. तिथंच फसगत होते. उभं राहिल्यावरचा ठामपणा आणि चालतानाचा स्थिरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक वाढवली की दुसरी कमी होते.

मी त्याचा उभा पाइप बदलून लांब घातला, म्हणजे वजन सांध्याच्या 30 सेंटिमीटर खाली गेलं. 7200 भागिले 30, म्हणजे 240 ग्रॅमवर तोल. त्यावर थोडं जास्त म्हणून 280 ग्रॅम ठेवलं. पाइपचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. ते धरलं तर आकडा आणखी थोडा उतरतो, म्हणून शेवटचा निकाल नेहमी हातानंच लावायचा, कागदावर नाही.

या बदलानं काय झालं पाहा. हातावरचा भार 420 ग्रॅमनं कमी झाला. आधी एकूण गुरुत्वमध्य सांध्याच्या सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटर खाली होता, तो एका सेंटिमीटरवर आला. चालणं सुरू करताना किंवा थांबताना झोका देणारा जोर साडेचार पटीनं घटला. आणि वजन एवढं कमी करूनही धक्क्याला अडून राहण्याची ताकद कमी झाली नाही, उलट किंचित वाढली. कारण ही ताकद वजनापेक्षा अंतरावर जास्त अवलंबून असते: अंतर दुप्पट झालं की ती चौपट होते. म्हणून वजन वाढवण्याआधी पाइप लांबवा. फार लांब मात्र नको. 35 सेंटिमीटरच्या पुढे गेलात की खालचा दांडा मांडीला लागायला लागतो, आणि लग्नाच्या गर्दीत लोकांच्या गुडघ्यांना.

किती जड ठेवायचं हे ओळखायची सोपी खूण आहे. हँडल डाव्या हातात धरा, स्टॅबिलायझर आडवा करा, सोडा आणि उभा व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन ते तीन सेकंद लागले तर उत्तम. एका सेकंदाच्या आत खाडकन उभा राहिला तर वजन जास्त आहे, एकेक वॉशर काढत जा. आडवाच राहिला किंवा कॅमेरा खाली वळायला लागला तर एक वॉशर वाढवा. हे करताना खाली गादी किंवा उशी ठेवा आणि उजवा हात कॅमेऱ्याच्या जवळ असू द्या. सांधा निसटून कॅमेरा फरशीवर पडलेला मी पाहिला आहे, म्हणून कळकळीनं सांगतोय.

एवढं करून मुलगा खूष झाला. मी त्याला थांबवलं. कारण तिसऱ्यांदा आला होता तो, आणि वजनाची चूक हे त्याच्या दुखण्याचं मूळ नव्हतं. त्यानं वजन वाढवलं का? कॅमेरा कलला म्हणून. मग कॅमेरा का कलला?

वजन कमी केल्यावर स्टॅबिलायझर नाजूक होतो. हे नीट समजून घ्या, नाहीतर माझ्या सांगण्यावरून वॉशर काढाल आणि दुसऱ्या दिवशी परत घालाल. गुरुत्वमध्य सांध्याच्या साडेतीन सेंटिमीटर खाली असताना तो एक मिलिमीटर बाजूला सरकला तर कॅमेरा पावणेदोन अंशांपेक्षाही कमी कलतो, डोळ्याला कळतही नाही. तोच मध्य एका सेंटिमीटरवर आणला, तर त्याच एका मिलिमीटरनं कॅमेरा जवळपास सहा अंश कलतो. मांडवाचा खांब पडायला आल्यासारखा दिसतो. म्हणजे जादा वजन कलणं बरं करत नाही, ते फक्त झाकून ठेवतं आणि त्याच्या बदल्यात झोके देतं.

मग तो एक मिलिमीटर येतो कुठून? मी त्याला विचारलं, “हे घेऊन कसा आलास?” मोटारसायकलवरून, पिशवी पाठीला. खानापूरच्या आतल्या गावातून, खड्ड्यांतून. मी खालच्या एल्बोला दोन बोटांनी धरलं आणि हलकेच पिळलं. तो फिरला. फार नाही, पण फिरला. पाइप चिकटवायचं सोल्युशन न लावता नुसता दाबून बसवला होता.

गणित करून दाखवतो. खालचा दांडा एल्बोपासून मागे 25 सेंटिमीटर येतो. एल्बो उभ्या पाइपवर फक्त एक अंश फिरला, तर टोकाचं वजन बाजूला साडेचार मिलिमीटर सरकतं. 280 ग्रॅम साडेचार मिलिमीटर सरकलं की 1180 ग्रॅमच्या एकूण स्टॅबिलायझरचा मध्य एक मिलिमीटर सरकतो. आणि एक मिलिमीटर म्हणजे सहा अंश. एल्बोचा एक अंश आणि चित्रातले सहा. घरी तोललेला स्टॅबिलायझर लग्नघरी पोचेपर्यंत का बिघडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा या एल्बोत असतं. वॉशरची खळखळ म्हणजे तेच: प्रत्येक खड्ड्याला 700 ग्रॅमचा हातोडा त्या सैल सांध्यावर पडत होता.

इलाज सोपा आहे, पण क्रमानं करायचा. आधी सगळं नुसतं दाबून बसवा आणि तोल साधा. खालचा दांडा बरोबर पट्टीच्या खाली, एका रेषेत आहे ना, हे वरून एक डोळा मिटून बघा. मग प्रत्येक सांध्यावर, पाइपपासून एल्बोपर्यंत, मार्करनं एक सरळ रेघ ओढा. ही रेघ पुढे जन्मभर कामाला येते. सांधा फिरला की रेघ तुटलेली दिसते. रेघा ओढून झाल्या की वरच्या एल्बोचा पट्टीकडचा सांधा सोल्युशननं कायमचा चिकटवा. सोल्युशन लावताना खिडकी उघडी ठेवा आणि जवळ काडी पेटवू नका. ते पटकन धरतं, म्हणून पाइप आत घालून रेघेला रेघ जुळवायला तुमच्याकडे काही क्षणच असतात. हात शिवशिवत असेल तर आधी एक-दोन रिकाम्या तुकड्यांवर सराव करा.

उभ्या पाइपचा वरचा सांधा आणि खालचा एल्बो मात्र मी चिकटवत नाही. ते सुटे राहिले तर स्टॅबिलायझर पिशवीत मावतो आणि उभा पाइप बदलता येतो. तिथं आरपार बारीक भोक पाडून पत्र्याचा स्क्रू घालतो, प्रत्येक सांध्याला दोन, एकमेकांना काटकोनात. एकाच स्क्रूवर सांधा थोडा डुगडुगतो, दोनावर नाही. आणि प्रवासात वजन काढून वेगळ्या डबीत ठेवायचं. एवढी एक सवय लागली तरी निम्म्या तक्रारी जातात.

एल्बो पक्का असूनही कलत असेल तर मग बाकीचं बघा. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो बाजूला उघडणारा स्क्रीन. घरी स्क्रीन मिटवून तोल साधलेला असतो आणि मांडवात तो उघडला जातो. स्क्रीन हलका दिसतो, पण तो कॅमेऱ्याच्या मध्यापासून लांब जातो, आणि वर सांगितलेला एक मिलिमीटर गाठायला तेवढं पुरतं. शूटिंगच्या वेळी जसा असेल तसाच कॅमेरा तोलायचा: स्क्रीन उघडा, कार्ड आत, बॅटरी आत, लेन्सचं झाकण काढलेलं, माइक लावलेला, गळ्यातला पट्टा सोडवून ठेवलेला. झूम लेन्स पुढे सरकणारी असेल तर एका झूमवर तोल साधा आणि ती जागा सोडू नका. झूम हवा असेल तर पायांनी जवळ जा.

वायरींकडेही लक्ष द्या. मोबाइलला पॉवर बँक जोडून ती खिशात ठेवणारे पुष्कळ आहेत. ती वायर मोबाइलला हळूहळू ओढत राहते, आणि आपण शोधतो पाइपमध्ये. स्टॅबिलायझरवरून अंगाकडे येणारी एकही वायर नको. पॉवर बँक लागतच असेल तर तिलाच खाली वॉशरच्या जागी बांधा, वजनाचं वजन होतं.

आता हँडलचा फिरता सांधा. इथं एक गोष्ट फार उपयोगाची आहे, ती सीमाभागात कुणालाही सहज जमण्यासारखी. 608 नंबरचं बेअरिंग घ्या, स्केटिंगच्या चाकांत असतं ते. आतलं भोक 8 मिलिमीटर, बाहेरून 22 मिलिमीटर, रुंदी 7 मिलिमीटर. आणि पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप, म्हणजे गरम पाण्यासाठी येतो तो फिकट पिवळसर पाइप, बाहेरून 22.2 मिलिमीटर असतो. त्यामुळं त्याच्या कपलरमध्ये (दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्यात) हे बेअरिंग जवळजवळ मापानं केल्यासारखं बसतं. कडेला चिकटपट्टीचा एखादा वेढा दिला की घट्ट. पांढऱ्या जाड यूपीव्हीसीत हे जुळत नाही, त्याची मापं वेगळी. शिवाय वायरिंगचा पातळ पाइप तर घेऊच नका. तो वजनानं लवतो, आणि लवणारा पाइप प्रत्येक पावलाला थरथरतो. पाइप घेताना दुकानाच्या फरशीवर एकदा लोळवून बघा. उन्हात कलते ठेवलेले पाइप बाक धरतात, आणि बाक धरलेला पाइप गडगडत लोळतो.

बेअरिंगमधून 8 मिलिमीटरचा बोल्ट वर जातो, त्यावर पान्यांच्या सेटमधला युनिव्हर्सल जॉइंट, त्यावर पट्टी. बेअरिंग गोल फिरण्यासाठी, युनिव्हर्सल जॉइंट पुढेमागे आणि बाजूला कलण्यासाठी. तुम्ही वळलात की कॅमेराही लगेच तुमच्याबरोबर वळत असेल, झटके देत असेल, तर इथं घर्षण आहे. हँडल स्थिर धरून पट्टीला एका बोटानं हलका धक्का द्या. ती संथपणे पुष्कळ फिरत राहायला हवी. लगेच अडली तर कारण बहुतेक तीनपैकी एक असतं.

एक, आतलं घट्ट ग्रीस. बेअरिंग वेगानं फिरणाऱ्या चाकासाठी बनलेलं असतं, आपल्याला ते बोटाच्या हलक्या स्पर्शानं फिरायला हवं. ग्रीस पेट्रोलनं धुऊन काढा, उघड्यावर, आगीपासून लांब, आणि सुकल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. रबराच्या झाकणाचं बेअरिंग असेल तर ते पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगपेक्षा जड फिरतं, मागतानाच पत्र्याचं मागा.

दुसरं कारण मला शोधायला फार दिवस लागले. माझं बेअरिंग हातात घेतलं की भिंगरीसारखं फिरायचं, आणि बसवलं की अडायचं. मी बेअरिंग बदललं, तेल बदललं, कपलर बदलला. शेवटी उद्यमबागेतल्या एका लेथवाल्या काकांनी ते हातात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, “वॉशर काढ बघू.” मी बोल्टच्या डोक्याखाली मोठा चपटा वॉशर घातला होता. तो बेअरिंगच्या आतल्या कड्यावर टेकत होता आणि त्याच वेळी बाहेरच्या कड्यालाही घासत होता. बोल्ट आवळला की दोन्ही कडी एकत्र बांधली जात होती. फिरणार कुठून? त्यांनी वॉशर काढून तिथं एक साधा नट घातला, जो फक्त आतल्या कड्यावर टेकतो, आणि पट्टीला टिचकी मारली. ती फिरतच राहिली. बेअरिंगला लागून नेहमी लहान नट किंवा लहान वॉशर असावा, जो बाहेरच्या कड्याला शिवणार नाही. काकांनी पैसेही घेतले नाहीत.

तिसरं कारण युनिव्हर्सल जॉइंटच्या पिना. नव्या जॉइंटमध्ये त्या घट्ट असतात. तेल घालून तासभर हातानं हलवत बसलं की मोकळ्या होतात.

कॅमेऱ्याच्या स्क्रूबद्दल थोडक्यात, कारण इथं कॅमेराच खराब होऊ शकतो. कॅमेऱ्याच्या पोटातलं भोक पाव इंची असतं, इंचाला 20 आटे. दुकानात ‘दोन सुती’ बोल्ट मागा. तो बहुतेक ठिकाणी जुन्या इंची आट्याचा मिळतो, इंचाला 20 आटेच असतात आणि हातानं अलगद बसतो. सहा एमएमचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याचे आटे एका मिलिमीटरचे, कॅमेऱ्याचे सव्वा मिलिमीटरच्या जरा वरचे. तो एक-दोन वेढे आत जातो आणि अडतो, तिथून पान्यानं आवळला की कॅमेऱ्याचे आटे गेले. आत जाणारी लांबीही साधारण पाच मिलिमीटरच ठेवा, बोल्ट लांब असेल तर मध्ये वॉशर किंवा नट घाला. पट्टीवर या बोल्टसाठी गोल भोक न पाडता लांबट खाच पाडा, पुढेमागे आणि आडवी, म्हणजे कॅमेरा मिलिमीटर-मिलिमीटरनं सरकवता येतो. तोल साधण्याचं अर्धं काम ही खाच करते.

हे सगळं जमूनही व्हिडिओ वरखाली उसळत असेल तर यंत्राला दोष देऊ नका. 1970च्या दशकात गॅरेट ब्राउन या अमेरिकी कॅमेरामननं स्टेडिकॅम बनवला, त्यात तीन भाग आहेत: अंगात घालायचं जॅकेट, स्प्रिंगचा हात आणि त्यावर तोललेला दांडा. दांडा कलणं आणि वळणं सांभाळतो, पावलांची उसळी तो स्प्रिंगचा हात खातो. आपण पाइपचा बनवतो तो फक्त दांडा. स्प्रिंगचं काम आपल्या गुडघ्यांनाच करायचं आहे.

चाल शिकायची असेल तर आपल्याकडच्या दिंडीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायकांकडे पाहा. गुडघे जरा वाकलेले, टाच आधी, मग तळवा, आणि कमरेच्या वरचं अंग जसंच्या तसं. पंढरपूरपर्यंत चालत जातात आणि तुळस ढळत नाही. मी मुलांना डोक्यावर वही ठेवून अंगणात चालायला लावतो, आठवड्यात फरक दिसतो.

धरायचं कसं, हेही सांगायला हवं. डावा हात हँडलवर, तो फक्त भार उचलतो. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सांध्याच्या अगदी जवळ, पट्टीच्या पोटाशी. मोगऱ्याचा देठ धरावा इतक्या हलक्या चिमटीत. कॅमेरा कुठं बघणार, हे ती चिमटी ठरवते. मुठीत धरलंत की हाताची सगळी थरथर वर गेली आणि बेअरिंगचा काही उपयोग उरला नाही. सुरुवात करताना आणि थांबताना चिमटी किंचित घट्ट करायची, मधल्या चालीत जवळजवळ सोडून द्यायची. हे सवयीनंच येतं.

काही हलणं मुळात हलणंच नसतं. लग्नाच्या हॉलमध्ये एलईडी दिव्यांखाली चित्र थरथरल्यासारखं किंवा पट्टे सरकल्यासारखं दिसतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळं शटर 50 किंवा 100 वर (म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर) ठेवा, पुष्कळदा ते पट्टे जातात. मोबाइलनं शूट करत असाल तर त्याचं आतलं स्थिरीकरण एकदा चालू आणि एकदा बंद करून दोन्ही व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर बघा. काही मोबाइल स्टॅबिलायझरच्या संथ हालचालीशी भांडतात आणि चित्र जेलीसारखं लवतं.

उरला वारा. यावर पाइपच्या स्टॅबिलायझरकडे पूर्ण उत्तर नाही, हे मान्य करायला हवं. राजहंसगडावर उघड्या माथ्यावर वारा सुरू झाला की उत्तम तोललेला स्टॅबिलायझरही वाऱ्याच्या दिशेनं तोंड वळवतो. जितका चांगला तोललेला, तितका जास्त वळतो, कारण त्याला धरून ठेवणारं जादा वजनच नसतं. तिथं मी तीन गोष्टी करतो. पाठ वाऱ्याकडे करून अंगाचा आडोसा देतो. लांब उभा पाइप काढून आखूड घालतो, वाऱ्याला कमी जागा मिळते. आणि खाली दोन-तीन वॉशर वाढवतो. हो, इथं वजन वाढवतो, कारण इथं थोडा झोका परवडतो, पण भरकटणं परवडत नाही. गडावर एका जागी उभं राहून सावकाश वळत शॉट घ्यायचा असतो, चालायचं नसतं. म्हणून पिशवीत दोन्ही लांबीचे पाइप आणि सुट्या वॉशरची डबी असावी.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मात्र याच्या उलट. रामलिंगखिंड गल्लीत रात्री वारा नसतो, माणसं असतात. कुणाचा तरी खांदा लागणारच, म्हणून मी उभा पाइप 25 सेंटिमीटरचा ठेवतो आणि तेवढ्यासाठी वजन 340 ग्रॅमच्या आसपास नेतो. ढोल-ताशाच्या अगदी जवळ उभं राहिलं की पाइपमध्ये कंप शिरतो, तो बारीक थरथरीसारखा दिसतो. दहा-पंधरा पावलं मागे आलं की जातो. मिरवणूक तासन्‌तास चालते, आणि तिथं 700 ऐवजी 340, म्हणजे हातावरचे 360 ग्रॅम कमी असण्याचं मोल खांद्याला कळतं.

त्या मुलाचे 420 ग्रॅमचे वॉशर मी त्याला परत दिले, डबीत घालून, बाहेर लेबल लावून. त्याच्या मामांची जड लेन्स कधी लावली तर लागतील. रेघा त्यानं स्वतः ओढल्या, निळ्या मार्करनं, प्रत्येक सांध्यावर. मग स्क्रू घातले, स्टॅबिलायझर पुन्हा पिशवीत घालून पिशवी पाठीला लावली आणि मीच त्याला म्हटलं, खडे बाजारातून एक फेरी मारून ये. अर्ध्या तासानं आला. काढला, कॅमेरा बसवला, स्क्रीन उघडला, हँडल धरलं. मी टेबलाच्या कडेला मोबाइलची पाणसळ ठेवून पाहिली. अर्ध्या अंशाचा फरक होता. त्यानं खाचेत कॅमेरा नखाएवढाही नाही, केसाएवढा डावीकडे सरकवला आणि बोल्ट आवळला.

“आता चालून दाखव,” म्हटलं. तो दारातून गल्लीत गेला, कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. कॅमेऱ्यातला व्हिडिओ आम्ही दोघांनी दोनदा पाहिला. पहिल्या पावलाला थोडी मान हलते, तेवढंच. त्यावर त्याला चिमटीचा सराव करायचा आहे. निळ्या रेघा सगळ्या एका रेषेत होत्या.